सात पाणी, एक पाणी

आमच्या पर्यावरणशास्त्र विभागात दोन मोठी यंत्रं आहेत. एक चालतं, आणि दुसरं माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे.

मुखपृष्ठावरचं यंत्र एका वेगळ्या खोलीत काचेच्या दाराआड बसलेलं असतं. उद्घाटनाच्या दिवशी त्याच्यावरचं प्लॅस्टिक काढलं, फीत कापली, फोटो काढले आणि प्लॅस्टिक परत घातलं. ते चालू करून द्यायला कंपनीचा इंजिनियर यायचा आहे. तो यायच्या आधी हात लावला तर हमी जाते, आणि तो येत नाही तोवर हमी आपोआप चालली आहे. आम्ही त्याला 'जावई' म्हणतो. त्याच्या खोलीत एसी आहे, त्याला रोज पुसलं जातं, आणि त्याला काम सांगायची कुणाची छाती नाही.

चालणाऱ्या यंत्राचं नाव 'आजोबा'. पाण्यात जस्त, तांबं, शिसं असं काय काय विरघळलंय ते आजोबा सांगतात. पण त्यांची एक पद्धत आहे. आधी त्यांचा दिवा तापू द्यावा लागतो. तो तापायच्या आत काही विचारलं तर तोंडाला येईल तो आकडा सांगतात. मग ज्योत पेटवायची. मग ते केसाएवढ्या बारीक नळीने नमुन्याचं पाणी ओढून घेतात आणि ज्योतीत फवारतात. दिव्याचा उजेड त्या ज्योतीतून आरपार जातो, आणि वाटेत जेवढा उजेड गिळला जाईल त्यावरून धातू किती ते कळतं. मध्येच घशात काहीतरी अडकतं, तेव्हा बारीक तार घालून घसा मोकळा करून द्यावा लागतो. ज्योत विझवली की 'ठो' असा आवाज होतो. नवी पोरं किंचाळतात. आजोबांच्या आयुष्यात तेवढीच करमणूक आहे.

माझं काम पोरांना आजोबांशी बोलायला शिकवण्याचं. हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, पण अर्थ एवढाच, की वर्गात फळ्यावर शिकवणारे लोक शेवटी म्हणतात, "बाकीचं ते सर दाखवतील." ते सर म्हणजे मी.

माझी भाची या अभ्यासक्रमाला आली तेव्हा ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, मला बजावलं, "घरची आहे म्हणून लाड करायचे नाहीत."

"ताई, मी कुणाचेच लाड करत नाही."

"ते कळलंय मला तुझ्या बायकोकडून."

मग आम्ही मामा-भाचीने एक नियम केला. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर मी मामा आणि 'तू'. दाराच्या आत मी सर आणि 'तुम्ही'. भाचीने हा नियम इतका मनावर घेतला की एकदा ती अर्धी दारात असताना तिला शिंक आली, आणि मी "सावकाश" म्हटलं, तर आभार कुठल्या सर्वनामाने मानायचे या विचारात ती तशीच उभी राहिली.

पोरगी हुशार होती, हाताने नीट होती. आणि तरीही गेल्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत नापास झाली.

परीक्षा अशी असते: प्रत्येकाला एक बिनलेबलची बाटली मिळते. त्या पाण्यात जस्त किती आहे ते आजोबांकडून काढून घ्यायचं आणि कागदावर लिहून द्यायचं. पण नमुना मोजायच्या आधी ब्लँक मोजायचा. ब्लँक म्हणजे नमुना सोडून बाकी सगळं. तेच शुद्ध पाणी, तेच आम्ल, तीच भांडी, तेच हात. त्यात जस्त निघालं तर ते नमुन्याचं नाही, तुमचं. ते वजा करायचं.

आम्लाने पोरीचे हात फुटले होते. परीक्षेला निघताना ताईने मायेने डबीतलं पांढरं मलम तिच्या हातांना चोळलं, आणि डबी पर्समध्ये टाकली, "मध्येच आग झाली तर लाव." मध्येच आग झाली. तिने नमुना भरला, हात धुतले, मलम लावलं, आणि मग ब्लँक बनवला. त्या मलमात मुख्य माल जस्ताचा असतो, हे डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ब्लँकमध्ये नमुन्यापेक्षा जास्त जस्त निघालं. तिने शिकवल्याप्रमाणे ते वजा केलं आणि उत्तर आलं उणे. दुसऱ्या कुणी ते खोडून काहीतरी शहाण्यासारखं लिहिलं असतं. हिने जे आलं ते लिहिलं.

आमच्या विभागप्रमुखांना असा कागद वर्षातून एकदाच मिळतो. त्यांनी तो सगळ्या वर्गासमोर वाचला. "या पाण्यात जस्त नाही. नुसतं नाही असंही नाही. नसण्यापेक्षा कमी आहे. यात आणखी थोडं जस्त ओतलं, तर कुठे ते शून्यावर येईल!" वर्ग हसून हसून लोळला. मी खिडकीबाहेर पाहत होतो. खिडकीबाहेर भिंत आहे.

तेव्हापासून वर्गात तिचं नाव पडलं 'उणे', आणि यंदा ती खालच्या वर्गाबरोबर पुन्हा बसली तर ते नाव तिच्याआधीच तिथे पोचलं होतं. "उणे, जरा पेन दे." "उणे आली का?" आणि विद्यापीठाचा नियम असा, की या परीक्षेत दोनदा नापास झालं की अभ्यासक्रमातून नाव कमी. तिसरी संधी नाही. म्हणजे यंदा पुन्हा गडबड झाली असती, तर पोरीची सगळी वर्षं उणे झाली असती.

ताईने ती मलमाची डबी कचऱ्यात टाकली, मग कचऱ्यातून काढून त्यावरची अक्षरं वाचली, मग पुन्हा टाकली. "माझ्याच हाताने घात झाला," एवढंच म्हणाली. ताईच्या तोंडून एवढंच येणं म्हणजे काय, हे आमच्या घरातल्यांनाच कळेल.

भाची रडली नाही. तिने त्याहून वाईट केलं: ती संशयी झाली. जगातल्या प्रत्येक गोष्टीचा ब्लँक मागू लागली. एक दिवस तिने चहापत्ती न घालता चहा केला, मग घालून केला, आणि दोन्ही कप आईपुढे ठेवून म्हणाली, "आता सांग, चहाची चव नेमकी कोणती?"

"माझ्या चहात खोट काढतेस?"

"खोट नाही गं आई. समज, आपण वजनाच्या काट्यावर चपला घालून उभे राहिलो. तर आधी नुसत्या चपलांचं वजन करायला नको?"

"आणि माणसाचं कधी करायचं?"

"चपला नीट कळल्या की."

ताई माझ्याकडे वळली. "हे तुझं काम. पोर चपला मोजत बसलीय."

माझंच काम होतं ते, आणि छान चाललं होतं. त्या वर्षात ती आजोबांजवळ इतकी बसली, की दिवा तापला की नाही हे आकडा न बघता सांगायला लागली. वर्गातली बाकीची पोरं मात्र आजोबांकडे फारशी फिरकत नव्हती. त्याला एक कारण होतं, आणि ते कारण होतं अडीच.

परीक्षेचा गुप्त नमुना प्रमुख स्वतः बनवतात. दार लावून, कडी घालून. गोपनीय काम दुसऱ्याकडे सोपवायचं नाही असा त्यांचा बाणा. पण गेली कित्येक वर्षं ते त्याच बाटलीतलं झिंक सल्फेट, तेवढ्याच वजनाचं, तेवढ्याच पाण्यात विरघळवत आले. म्हणजे जस्त दर वर्षी तेवढंच. लिटरला अडीच मिलिग्रॅम. ही गोष्ट जुने विद्यार्थी नव्यांना प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटांबरोबर वारशाने देत आले होते. यंदा या वारशाचा रखवालदार होता वर्गातला पहिल्या नंबरचा मुलगा, ज्याला सगळे 'टक्के' म्हणत. तो इतरांची शिकवणीही घ्यायचा.

"अडीच लिहायचं नाही," टक्के समजावून सांगायचा. "अडीच लिहिणारा पकडला जातो. दोन पूर्णांक सत्तेचाळीस लिहा. माणूस प्रामाणिक दिसतो."

आलेखसुद्धा ते आधी रेघ मारून काढायचे आणि मग ठिपके रेघेच्या जरा इकडेतिकडे टाकायचे, नैसर्गिक दिसावेत म्हणून. पर्यावरणाचे विद्यार्थी, निसर्गाची ओढ असायचीच.

मी हे प्रमुखांच्या कानावर घातलं होतं. "सर, सगळ्यांचं उत्तर एकच येतंय." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग मुलं अचूक काम करतायत! यात तक्रार कसली?" या युक्तिवादाला उत्तर नसतं. असलं तरी ते पगारवाढीच्या आधी द्यायचं नसतं.

परीक्षेचा दिवस आला. बाहेरच्या परीक्षक म्हणून एक बाई आल्या होत्या, दुसऱ्या कुठल्याशा पाणी तपासणी प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या. कमी बोलणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी जावयाच्या काचेतून आत पाहिलं.

"हे काय आहे?"

"हे आमचं सर्वांत अद्ययावत यंत्र," प्रमुख म्हणाले.

"मग परीक्षा यावर नाही का?"

"नाही, त्याला... जपावं लागतं."

बाई "हं" म्हणाल्या. त्या 'हं'चा अर्थ प्रमुखांनी कौतुक असा लावला.

भाची वर्गात आहे हे मी आधीच लेखी कळवलं होतं, त्यामुळे परीक्षकांच्या यादीतून माझं नाव काढून टाकलं होतं. माझी नेमणूक ज्योतीवर झाली. म्हणजे गॅसच्या टाकीशी उभं राहायचं, ज्योत पेटवायची, विझवायची आणि मधल्या काळात तोंडाला कुलूप. तोंडाला कुलूप लावायचा सराव मला लग्नानंतर बराच झाला आहे, पण त्या दिवसाइतकं ते जड कधी वाटलं नाही.

वर्गातले बाकीचे एकेक करून आजोबांसमोर आले, नळी नमुन्यात बुडवली, पडद्याकडे न बघता मान डोलावली आणि जागेवर जाऊन दोन पूर्णांक सत्तेचाळीसच्या आसपास लिहायला बसले. एका मुलीने तर नळी नमुन्याऐवजी धुण्याच्या पाण्यात बुडवली. तिचंही उत्तर अडीचच्या जवळच आलं.

भाचीची पाळी आली. तिने कोपरापर्यंत हात धुतले. बिनपावडरचे हातमोजे घातले. ब्लँक एक नाही, तीन बनवले. आजोबांनी तिन्ही ओढले आणि तिन्हींवर मौन पाळलं. मग मापाचे नमुने, म्हणजे ज्यांतलं जस्त आधीच माहीत असतं ते, बंद बाटलीतल्या तयार द्रावणातून स्वतः बनवलेले. ठिपके पडले आणि त्यांतून रेघ निघाली; आधी ठिपके, मग रेघ. मी टाकीच्या काट्याकडे बघत असल्यासारखा उभा होतो आणि आतून फुगत होतो. हे असं नुसतं बघताही येऊ नये, इतकं चांगलं चाललं होतं.

मग तिने परीक्षेचा नमुना पाचपट पातळ करून दिला. आजोबांनी आकडा दाखवला. तिने गुणाकार केला आणि थांबली.

शेजारच्या टेबलावरून टक्के कुजबुजला, "उणे, किती?"

"चार."

"चार? मलम लावून आलीस परत?"

"नाही रे."

"मग अडीच लिही आणि सूट."

तिने मोजा काढला आणि आपला हात नाकाशी नेऊन हुंगला. मला ते बघवेना. गेल्या वर्षाचं सगळं हसू त्या हुंगण्यात होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"सर."

"काय?"

"आजोबांचा घसा साफ केला तर चालेल?"

मी परीक्षक बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "यंत्राची निगा परीक्षेत मोडते. करू दे."

तिने तार घातली, नळी धुतली, पुन्हा ब्लँक: काही नाही. पुन्हा नमुना: चार. नमुना नव्या भांड्यात दहापट पातळ केला: चार. मग तिने असं काही केलं, जे मी त्या वर्गाला शिकवलं होतं आणि जे त्या वर्गात फक्त तिनेच ऐकलं होतं. नमुन्याचे दोन भाग केले. एका भागात आपल्या हाताने माहीत असलेलं थोडं जस्त टाकलं आणि दोन्ही भाग मोजले. आजोबा खोटं बोलत असते, तर फरक भलताच आला असता. फरक बरोब्बर टाकल्याएवढा आला.

आता तिच्यापुढे कोरा कागद होता. सगळा वर्ग एका बाजूला होता, प्रमुखांची कित्येक वर्षांची पाककृती त्याच बाजूला होती आणि दुसऱ्या बाजूला एकटे आजोबा. अडीच लिहिलं की ती पास होती. पेन हातात घेऊन ती बराच वेळ बसली. मी टाकीशी उभा राहून मनातल्या मनात काय काय म्हणत होतो ते परीक्षेच्या नियमांत बसणारं नव्हतं. गंमत म्हणजे त्यातलं निम्मं 'अडीच लिही' असं होतं. मामा म्हणत होता अडीच लिही, आणि सर म्हणत होता खबरदार.

तिने लिहिलं: चार.

तोंडी परीक्षा तिथेच, आजोबांच्या जळत्या ज्योतीसमोर झाली. प्रमुखांनी तिचा कागद उचलला आणि त्यांचा चेहरा उजळला. "पुन्हा तुम्हीच! गेल्या वर्षी उणे, यंदा अधिक. दोन्हींची सरासरी काढली तर पास व्हाल."

बाईंनी हात पुढे करून कागद घेतला. "ब्लँक?"

"तीन केले, मॅडम. तिन्ही स्वच्छ."

"भर घालून बघितलंस?"

"हो. घातलं तेवढंच वाढलं."

"मॅडम," प्रमुख म्हणाले, "अख्ख्या वर्गाचं उत्तर एक आहे आणि हिचं वेगळं. अख्खा वर्ग एकीकडे."

"हो ना," बाई बाकीचे कागद चाळत म्हणाल्या. "इतकी एकी मी आजवर कुठल्याच प्रयोगशाळेत पाहिलेली नाही." मग भाचीकडे वळल्या. "म्हणजे सगळे चूक आणि तू एकटी बरोबर?"

"सगळ्यांचं मला नाही माहीत, मॅडम. माझ्या बाटलीत चार आहे."

"बरं. मग चारच का? तीन का नाही, पाच का नाही?"

हा प्रश्न मी विचारला नसता. भाचीने खाली पाहिलं. ओठ हलत होते. मग म्हणाली, "मॅडम, एक भागाकार करू का?"

"कर."

"चारला अडीचने भागलं तर येतं एक पूर्णांक सहा."

"थांबा," प्रमुख म्हणाले. "अडीच तुम्हाला कुणी सांगितलं?"

दाराबाहेर पाळीची वाट बघत असलेल्या टक्केच्या हातून पट्टी खाली पडली.

"सर," भाची अगदी सौम्यपणे म्हणाली, "ते सगळ्यांना माहीत आहे."

प्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवला, मग उतरवला, मग परत चढवला. बाई म्हणाल्या, "पुढे बोल तू. एक पूर्णांक सहा. बरं, मग?"

"मॅडम, झिंक सल्फेट दोन तऱ्हेचं मिळतं. एक सात पाण्याचं, एक एका पाण्याचं. दोन्ही पांढरं, दिसायला सारखंच. सात पाण्याच्या खड्यात जस्ताच्या एकेका कणाला पाण्याचे सात कण चिकटलेले असतात, एका पाण्याच्यात एकच." ती अडखळली, मग एकदम घरच्या बोलीत आली. "ओले कपडे आणि वाळलेले कपडे वजनाने सारखे घेतले, तर वाळलेल्यांत कापड जास्त भरणार ना? तसं. सात पाण्याच्या हिशोबाने वजन केलं आणि बाटली एका पाण्याची असली, तर जस्त एक पूर्णांक सहा पट होतं. म्हणजे अडीचचे बरोब्बर चार."

"अशक्य," प्रमुख म्हणाले. "वजन मी स्वतः केलंय. दार लावून."

"बाटली बघू या," बाई म्हणाल्या.

कपाटाची किल्ली प्रमुखांच्याच खिशात असते. त्यांनी कपाट उघडलं. जुनी बाटली संपली होती; तिच्या जागी तशीच पांढरी, नवी, नुकतीच उघडलेली बाटली होती. प्रमुखांनी ती हातभर लांब धरून वाचली. मोठ्या अक्षरात झिंक सल्फेट. त्याखालच्या बारीक अक्षरापाशी त्यांचे ओठ थांबले. बाईंनी बाटली त्यांच्या हातातून घेतली आणि मोठ्याने वाचलं, "मोनोहायड्रेट." मग भाचीकडे बघून, वर्गात शिकवावं तसं म्हणाल्या, "एक पाणी."

नेमक्या त्याच क्षणी आजोबांनी ठो केलं.

सगळे दचकले. बाहेर टक्के किंचाळला. ज्योत मी विझवली होती. गॅस कमी झाला होता, विझवायची वेळ झालीच होती, असं माझं अधिकृत म्हणणं आहे.

प्रमुख सावरले. मोठ्या पदावरची माणसं लवकर सावरतात. त्याशिवाय पद मिळत नाही. ते घसा खाकरून म्हणाले, "अर्थात, मी मुद्दामच यंदा बाटली बदलली. विद्यार्थी खरोखर मोजतात का, ते बघायला."

"वा," बाई म्हणाल्या आणि पेन उघडलं. "मग तसंच लिहिते. नमुन्यात मुद्दाम चार ठेवलं होतं, आणि एक मुलगी सोडून सगळ्या वर्गाने ते अडीच मोजलं."

प्रमुखांना आपण काय बोलून बसलो ते हळूहळू कळत गेलं. त्यांचा चेहरा सात पाण्यांतून गेला.

निकाल बाईंनी तिथेच सांगितला. भाची पास, आणि नुसती पास नाही. त्यांनी गुणांच्या रकान्यात जो आकडा घातला तो बघून टक्केला आपलं टोपणनाव परत करावंसं वाटलं असेल. बाकीच्यांची परीक्षा उद्या पुन्हा, आणि उद्याचा नमुना बाई स्वतः बनवणार. जाताना त्यांनी भाचीला विचारलं, "आमच्याकडे पाणी तपासणीत उमेदवारीला येशील? आमचं यंत्रही म्हातारंच आहे."

"त्याला घसा आहे ना, मॅडम?"

"आहे. फार खोकतं."

"मग येईन."

बाई गेल्या. आणि वर्गाला पहिल्यांदाच कळलं, की उद्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही. जगाचा अंत झाल्यासारखी माणसं उभी होती. मग टक्के पुढे आला. त्याच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं, बहुधा विनंती.

"उणे... तो ब्लँक नेमका करायचा कसा?"

"आधी हात दाखव."

"हात कशाला?"

"काय लावलंय? वास येतोय."

"केसांचं जेल."

"धू."

त्याने हात धुतले. तिने परत हुंगले आणि म्हणाली, "पुन्हा." मागे सगळा वर्ग बाह्या सारून बेसिनपाशी रांगेत उभा राहिला. मी ज्योत पुन्हा पेटवली. दिवा अजून तापलेलाच होता. आमच्या विभागाच्या इतिहासात आजोबांना एका दिवशी इतक्या लोकांनी इतके खरे प्रश्न कधीच विचारले नव्हते. एकेकाचे ब्लँक येत होते आणि प्रत्येकात थोडं थोडं जस्त निघत होतं: कुणाच्या घड्याळाच्या पट्ट्याचं, कुणाच्या हातमोज्यांतल्या पावडरचं. "हे तुझं," भाची प्रत्येकाला सांगत होती. "नमुन्याचं नाही, तुझं. वजा कर." हे वाक्य मी वर्षानुवर्षं बोलत आलोय. ते इतकं चांगलं आहे हे मला त्या दिवशी समजलं.

मध्ये ताईचा फोन आला. "काय झालं रे? बोल पटकन."

"पास. वर्गात एकटीच."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ताईने नाक ओढलं. "एकटीच? म्हणजे बाकीची पोरं अगदीच ढ दिसतायत."

"ताई, तसं नाही ते..."

"बरं, बरं. तिच्या हातांना काही लावू नको म्हणावं. मी आल्यावर बघेन." आणि फोन ठेवला. ताईचा आनंद असाच असतो. त्यातून बाकीचं वजा करून घ्यावा लागतो.

सगळे गेले. भाचीने भांडी धुऊन उपडी घातली, आजोबांना साधं पाणी पाजलं, दिवा बंद केला. मी खिडकी लावली. दारापाशी येऊन ती थांबली, एक पाय आत, एक बाहेर.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"नको, बाहेर या."

मी बाहेर आलो. ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

"मामा, तू ज्योत मुद्दाम विझवलीस ना?"

"गॅस कमी झाला होता."

"मामा," ती म्हणाली, "टाकीचा काटा मी बघत होते."

काटा ती बघत होती. तोंडी परीक्षा चाललेली, समोर प्रमुख, हातात स्वतःचं सगळं भवितव्य, आणि पोरीची एक नजर टाकीच्या काट्यावर. मी तिला आणखी काय शिकवणार होतो?

"किती होता?" मी विचारलं.

"अर्ध्याच्या वर."

"मग वजा कर," मी म्हणालो. "ते नमुन्याचं नाही. माझं."